वेंगुर्ला रॉक्स

वेंगुर्ला रॉक्स हा महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोर, वेंगुर्ले बंदराच्या पश्चिम-वायव्येस अरबी समुद्रात असलेला निर्जन खडकाळ बेटांचा समूह आहे. जुन्या इंग्रजी नकाशांवर तो ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे ‘जळकी बेटे’, या नावाने आढळतो. निवतीचा किनारा जवळ असल्याने त्यास ‘निवती रॉक्स’ असेही म्हणतात. येथे दीपगृह आहे, पण गाव नाही. मनुष्यवस्ती नसल्यामुळेच समुद्रपक्ष्यांना हे स्थान मानवले आहे.

पक्षिजीवन

येथे प्रामुख्याने सुरय पक्ष्यांची वीण होते. तापीसारख्या नद्यांवर दिसणाऱ्या नदी सुरयाचे हे सागरी भाऊबंद होत. ब्रायडल्ड टर्न, मोठा तुरेवाला सुरय आणि रोझेट टर्न या जातींची नोंद येथून झाली आहे. ब्रायडल्ड टर्न खडकाच्या कपारीत एकच अंडे घालतो, तर तुरेवाले सुरय उघड्या कातळावर दाटीवाटीने वसाहत करतात. घरटे असे काही बांधलेले नसतेच. पावसाळी वादळात ब्रायडल्ड टर्न कधीकधी भरकटत किनाऱ्यापासून दूर, आतल्या भागात येऊन पडतो.

खडकांतील गुहेत भारतीय पाकोळीची वसाहत आहे. ही पाकोळी अंधारात टिक्‌टिक् असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून मार्ग काढते. लाळेत शेवाळ, पिसे इत्यादी मिसळून ती भिंतीला वाटीसारखे घरटे चिकटवते व त्यात बहुधा दोन अंडी घालते. लाळेच्या घरट्यांना पूर्व आशियात खाद्य म्हणून मागणी असल्याने येथील घरटी काढून नेली जात. घरटे गेले की पक्षी पुन्हा बांधतो. पण त्यात त्याची शक्ती आणि विणीचे दिवस दोन्ही खर्ची पडतात, आणि अंड्यांसह घरटे नेल्यास ती वीण वायाच जाते.

अभ्यास

ए. ओ. ह्यूम यांनी १८७५ मध्ये पश्चिम किनारा व लक्षद्वीपच्या सफरीत या खडकांना भेट दिली. तो वृत्तान्त १८७६ मध्ये त्यांच्याच ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आला. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय व पाकोळ्यांवर लिहिलेला लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९४२ साली प्रसिद्ध झाला. अब्दुलअली अनेक वर्षांनी पुन्हा येथे गेले व १९८३ मध्ये त्यांनी पारव्यांसह या पक्ष्यांविषयी लिहिले. इतक्या लहान स्थळाकडे अभ्यासकाने दीर्घ अंतराने परत यावे, हे आपल्याकडे विरळाच.

भेट

बेटांकडे होडीनेच जाता येते. धक्का नसल्याने लाटेचा अंदाज घेऊन निसरड्या कातळावर उडी घ्यावी लागते. समुद्र किंचित खवळला तरी उतरणे धोक्याचे असते. अडचण अशी की, हिवाळ्यात समुद्र शांत असतो तेव्हा सुरयांची वीण नसते. ती उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होऊन पावसाळ्यात शिरते आणि त्या सुमारास होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. त्यामुळे निरीक्षकांना मिळतात ते बहुधा विणीच्या आरंभाचे थोडेच दिवस.

त्या दिवसांत बेटावर पाऊल ठेवणेच पक्ष्यांना बाधक ठरते. माणूस दिसताच सर्व वसाहत एकदम उडते. उघडी पडलेली अंडी दुपारच्या उन्हात तापून निकामी होतात किंवा शिकारी पक्ष्यांच्या तोंडी जातात. कातळावरची ठिपकेदार अंडी पायाखालीही येतात. म्हणून होडी अंतरावर थांबवून दुर्बिणीने पाहावे. पाकोळ्यांच्या गुहेत विजेरी घेऊन शिरू नये. खडकांवरून उडणारे सुरय व गुहेच्या तोंडाशी ये-जा करणाऱ्या पाकोळ्या होडीतूनही पाहता येतात.