काळी माती पाण्यात फुगते, रॉकेलमध्ये का नाही?

काळ्या भारी जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात त्या बुजतात. जमीन फुगणे हा तिचा मूळ गुण आहे. मात्र चिकणमातीचे कण पाण्यात सुटे होऊ लागले, तर जमीन चोपण होत असल्याची शंका घ्यावी.

मातीची रचना
काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पुस्तकाच्या पानांसारखे थरदार असते. थरांवर ऋण भार असल्याने त्यांच्यामध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे धन आयन असतात. पाणी या आयनांभोवती जमते व थर दूर सारते. कॅल्शियम असल्यास थरांमधील अंतर (एका थराच्या जाडीसह) सुमारे १ वरून १.९ नॅनोमीटरपर्यंत वाढून थांबते. सोडियम जास्त असल्यास थर पूर्ण सुटतात. रॉकेलचे रेणू या आयनांकडे ओढले जात नाहीत, त्यामुळे माती फुगत नाही. कोकणातील जांभ्या मातीत प्रामुख्याने केओलिनाइट असते. त्याचे थर घट्ट जखडलेले असल्याने तिला अशा भेगा पडत नाहीत.

फुगण्याची चाचणी
- ओव्हनमध्ये वाळवलेली, ०.४२५ मि.मी. चाळणीतून चाळलेली १०-१० ग्रॅम माती १०० मि.लि.च्या दोन मोजपात्रांत घ्यावी.
- एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल १०० मि.लि. खुणेपर्यंत भरावे. हवेचे बुडबुडे ढवळून काढावेत. रॉकेल आगीपासून दूर ठेवावे.
- २४ तासांनी मातीची पातळी वाचावी. समजा, रॉकेलमध्ये १० व पाण्यात १८ मि.लि. आली, तर फरक ८ भागिले १०, म्हणजे फुगवण ८० टक्के.

चोपणपणाची चाचणी
वाळलेले छोटे ढेकूळ पावसाच्या स्वच्छ पाण्यात अलगद ठेवावे, हलवू नये. ते नुसते फुटून तळाशी बसले, तर काळजी नाही. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला, तर सोडियम वाढल्याचा संशय घ्यावा.

उपाय
- माती व सिंचनाचे पाणी तपासून घ्यावे. विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास जमीन चोपण समजतात. भारी काळ्या जमिनीत त्याआधीही निचरा बिघडतो.
- आधी चर काढून निचरा सुधारावा. नंतर अहवालानुसार जिप्सम वरच्या थरात मिसळून चांगले पाणी द्यावे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते व सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. निचरा नसल्यास तो तिथेच राहतो व जिप्समचा खर्च वाया जातो.
- ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घालू नये, मशागत वाफशावरच करावी.