चक्कर : बिघाड डोक्यात की कानात?

"डॉक्टर, कूस बदलली की घर गरगर फिरतंय. एक सलाईन लावा." बीड जिल्ह्यातल्या दवाखान्यांत हे रोज ऐकू येतं. तोवर शक्तीची बाटली आणि मानेचा पट्टा करून झालेला असतो. हा गोंधळ जुना आहे. तो कसा सुटत गेला, ते समजून घ्या. तुमचा उपचारही त्यातच आहे.

माधवनिदान या जुन्या आयुर्वेदीय ग्रंथात मूर्च्छा आणि भ्रम एकाच प्रकरणात येतात, पण वेगवेगळे. म्हणूनच आमचा पहिला प्रश्न असतो : डोळ्यांपुढे अंधारी येते, की सगळं फिरतं?

युरोपात मेंदूत रक्त साचून चक्कर येते असं मानत आणि जळवा लावून रक्त काढत. १८६१ साली पॅरिसच्या कर्णबधिरांच्या संस्थेतले डॉ. प्रॉस्पेर मेनिए यांनी दाखवून दिलं, की चक्करेबरोबर कानात आवाज येत असेल, ऐकू कमी येत असेल, तर बिघाड आतल्या कानात असतो.

व्हिएन्नाच्या डॉ. रॉबर्ट बारानी यांना कान धुताना दिसलं, की थंड पाण्यानं चक्कर येते आणि डोळे एका दिशेला झटके देतात. गरम पाण्यानं उलट दिशेला. आतल्या कानातल्या नलिकांमधला द्रव हलतो, म्हणून असं होतं. या कामाला १९१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

१९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी मान वळवून रुग्णाला पटकन आडवं करायची आणि डोळे पाहायची तपासणी मांडली. पुढे अमेरिकेतल्या डॉ. एपली यांनी सुचवलं : कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून नलिकेत शिरले असतील, तर डोकं ठराविक क्रमानं वळवून ते बाहेर काढता येतात. १९८० मध्ये हे अनेकांना पटलं नाही. त्यांचा गाजलेला लेख छापून आला १९९२ मध्ये. आज हाच उपचार जगभर होतो, काही मिनिटांत.

म्हणून कूस बदलताना, वर पाहताना मिनिटभर घर फिरत असेल, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा. सलाईननं कण जागेवर जात नाहीत.

मात्र चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, एकाचे दोन दिसले किंवा उभंच राहता आलं नाही, तर तो पक्षाघात असू शकतो. मग तपासणीची वाट पाहू नका. तडक मोठ्या रुग्णालयात जा.