ताटी आणि तिचे पाणी

कामट्यांचा, गवताचा किंवा काटक्यांचा विणलेला आडोसा हा ‘ताटी’ या शब्दाचा मराठीतील जुना अर्थ आहे. झोपडीचे दार म्हणून वापरली जाणारी ही वस्तू मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमुळे सर्व मराठी वाचकांना परिचित असली, तरी विदर्भात आज ताटी म्हटले की कूलरच्या तीन बाजूंना बसणारी, पाण्याने सतत भिजणारी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बदलावी लागणारी चौकटच प्रथम आठवते. दाराची ताटी आणि कूलरची ताटी यांच्यामध्ये काही शतकांचा इतिहास आहे, आणि ताटीवर पाणी कोणी घालायचे, हा त्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

ताटीचे उत्तम द्रव्य म्हणजे वाळा, ज्याला हिंदीत खस आणि संस्कृतात उशीर म्हणतात. या गवताची बारीक, गुंतागुंतीची मुळे ओली झाली की गंध सोडतात आणि पाणी बराच वेळ धरून ठेवतात. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त तिसऱ्या अंकाच्या आरंभी शकुंतलेच्या दाहावर उशीराचा लेप नेला जात असल्याचा उल्लेख येतो, म्हणजे वाळ्याचा थंडावा अंगाला लावण्याची रीत पुष्कळ जुनी आहे. घरात येणारा वाराच त्यातून गाळून घेण्याची कल्पना मात्र मोगल दरबारात प्रतिष्ठा पावली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त, बांबूच्या चौकटींत वाळा भरून खसखाने उभारण्याची पद्धत अकबराच्या आज्ञेने रूढ झाली आणि त्यांवर पाणी शिंपडले की ऐन उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असे अबुल फज्लने नोंदवले आहे.

यामागील तत्त्व साधे आहे. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी भोवतालच्या हवेतून ओढून घेते. एक लीटर पाण्याची वाफ होताना सुमारे 24 लाख ज्यूल इतकी उष्णता खर्ची पडते. मात्र हवेत आधीच बाष्प असेल, तर ही क्रिया मंदावते. हवा 42 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओल्या ताटीतून येणारा वारा तत्त्वतः 22 अंशांपर्यंत उतरू शकतो. उलट 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता अशा किनारपट्टीच्या हवेत तो 28 अंशांच्या खाली जाऊ शकत नाही, आणि त्या वाऱ्यातील दमटपणा वेगळा सोसावा लागतो. ताटी नागपूर-अकोल्याकडे घरोघरी रुजली आणि कोकणात रुजली नाही, याचे कारण रुचीत किंवा ऐपतीत नव्हे, तर या आकड्यांत आहे.

इंग्रज अधिकाऱ्यांनी ही ताटी मोगलांच्या वारशातून उचलली आणि ‘टॅटी’ या नावाने आपल्या भाषेत रुजवली. दारा-खिडक्यांना पश्चिमेकडून बांधलेल्या ताट्यांवर दिवसभर पाणी मारण्यासाठी भिस्ती, म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहणारा कामकरी, नेमलेला असे. वाळा महाग पडे तेथे जवासा या काटेरी झुडपाच्या ताट्या वापरीत. वारा पडला की मात्र ताटी निरुपयोगी ठरे. म्हणून 1830 च्या सुमारास धान्य उफणण्याच्या यंत्राच्या धर्तीवर ‘थर्मँटिडोट’ नावाचे उपकरण निघाले. खिडकीत बसवलेली ही पात्यांची पेटी ओल्या ताट्यांनी वेढलेली असे आणि माणसाने हाताने फिरवली की गार वारा आत ढकलत असे. रचनेच्या दृष्टीने हा आजचा कूलरच होय. फरक इतकाच की पंखा आणि पंप या दोहोंच्या जागी माणसे होती. बंगल्यांतील गारव्याची वर्णने पुष्कळ सापडतात, पण त्याच उन्हात बाहेर उभे राहून ताटी भिजवणाऱ्यांची नावे सहसा लिहून ठेवलेली आढळत नाहीत, ही या इतिहासातील मोठी उणीव मानली पाहिजे.

1861 मध्ये नागपूर हे मध्य प्रांताची राजधानी झाले आणि उन्हाळ्यात प्रांताचे वरिष्ठ शासन पचमढीच्या थंड डोंगरावर जाऊ लागले. मागे उरलेल्यांना ताटीचाच आधार होता. ताटीला लागणाऱ्या माणसांची गरज भागवणारे यंत्र आले ते वीज आल्यावर. अमेरिकेतील ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात 1930 च्या दशकात लाकडाच्या किसाच्या ओल्या गाद्या आणि विजेचा पंखा यांची पेटी घरोघरी पोहोचली. त्याच दशकात अमेरिकेत काचतंतूंची गाळणीही निघाली आणि तेथील घर तापवणाऱ्या भट्टीच्या व वातानुकूलनाच्या यंत्रांत धूळ अडवण्याचे काम गारव्यापासून वेगळे झाले. ताटीने मात्र दोन्ही कामे एकाच अंगावर घेतली. ओल्या मुळांना जाड धूळ चिकटते, ती पाण्याबरोबर खालच्या टाकीत उतरते. अतिसूक्ष्म कण मात्र ताटी अडवू शकत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा ठेवणे चूक ठरेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्याचा कूलर विदर्भात पसरला तेव्हा भिस्त्याची जागा छोट्या पंपाने घेतली, पण ताटी बदलण्याचा नेम टिकला. याला कारण पाणीच आहे: विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी उडून गेले की त्यातील क्षार ताटीवर पांढऱ्या थराने साचतात, तंतूंमधील वाट बुजते, वारा कमी येतो, आणि ओलीच राहिलेली ताटी कुजून कुबट वास देऊ लागते. वाळ्याची ताटी सुगंधी पण महाग, लाकडी किसाची स्वस्त पण एका हंगामात खचणारी, आणि कागदी लगद्याच्या पन्हळी थरांचे मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे हनीकोंब पॅड काही वर्षे टिकणारे, अशी निवड आज ग्राहकापुढे असते. टाकीतील साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची वाढ अंड्यापासून सुमारे 8-10 दिवसांत पूर्ण होते, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून कोरडी करण्याचा आग्रह आरोग्य खाते धरते. पखालीच्या काळात वाहून जाणारे पाणी यंत्राने एका जागी थांबवले, त्यामुळे हे नवे काम घरातल्यांच्या वाट्याला आले.