चित्रफितीच्या द्रव्याची परीक्षा

जुन्या चित्रफितीचे द्रव्य ओळखणे हे वरकरणी रसायनज्ञाचे काम वाटते. वस्तुतः साधनचिकित्सेचा तो एक महत्त्वाचा भाग होय. १८८९ साली ईस्टमन कंपनीने सेल्युलॉइडची पारदर्शक फीत विक्रीस आणली. सेल्युलोज नायट्रेट व कापूर यांपासून बनलेली ही फीत स्वच्छ व लवचिक, पण अत्यंत ज्वालाग्राही होती. तिच्या द्रव्यातच प्राणवायू असल्यामुळे ती पाण्याखालीही जळत राहते. म्हणून १९२३ साली हौशी चित्रकारांच्या १६ मिलिमीटर फितीसाठी सेल्युलोज ॲसिटेट योजण्यात आले आणि १९४८ नंतर ट्रायॲसिटेटने व्यावसायिक फितीतही नायट्रेटची जागा घेतली. पॉलिएस्टर त्यानंतरचे.

या तिहींचा भेद कसा करावा? काठावर 'नायट्रेट' किंवा 'सेफ्टी' असा शब्द छापलेला आढळतो. परंतु फितीची नक्कल करताना मूळ फितीच्या काठावरील अक्षरेही नकलेत उतरू शकतात. जुन्या पोथीची पुष्पिका तिच्यातील शकासह उतरून घेणाऱ्या लेखकाने नव्या प्रतीच्या काळाविषयी जो भ्रम निर्माण करावा, तोच येथे होतो. अक्षरांची साक्ष द्रव्याच्या साक्षीशी ताडून पाहणे त्यामुळे अपरिहार्य ठरते.

गंधाची परीक्षा सोपी, पण अपुरी. झिजणाऱ्या ॲसिटेटला शिरक्यासारखा आंबट वास येतो. फीत सुस्थितीत असेल तर नाक काहीच सांगत नाही. दोन ध्रुवणकाचांमध्ये धरलेली पॉलिएस्टर फीत रंग दाखविते व हाताने सहसा फाटत नाही. ट्रायक्लोरोएथिलीनमध्ये टाकलेला नायट्रेटचा तुकडा बुडतो, ॲसिटेटचा तरंगतो. मात्र हा द्राव विषारी आहे. ज्वलनाची परीक्षा सर्वांत निर्णायक. नायट्रेटचा कण पिवळ्या तेजस्वी ज्योतीने क्षणात भस्म होतो. पण तीत पुराव्याचाच अंश नष्ट होतो. अर्थात काठावरील अक्षरे, गंध आणि प्रकाश यांची साक्ष प्रथम घ्यावी. द्राव व ज्वाला यांची वेळ शेवटी, तीही प्रयोगशाळेत व चित्ररहित टोकाच्या सूक्ष्म तुकड्यावरच.

हा विवेक केवळ शास्त्रीय शिस्तीपुरता नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारास आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. तेथे नायट्रेट आहे हे ज्ञातच होते; यावरून द्रव्य ओळखणे हे जतनाचे केवळ पहिले पाऊल ठरते. ओळख पटल्यावर नायट्रेट इतर फितींपासून वेगळे व थंड जागी ठेवणे आणि त्याची नक्कल वेळीच करणे, ही पुढील पावले होत. ती न उचलल्यास अभ्यासकाच्या हाती चित्रपटाऐवजी त्याचे नावच उरते.