सोळावं लागलं की सोळा पूर्ण? सरकारी भरतीतल्या पात्रतेच्या वादाची दीडशे वर्षं

पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी पोलीस भरतीची पोरं आणि दिवसभर अभ्यासिकेत मान खाली घालून बसलेली एमपीएससीची पोरं-पोरी आपल्या इस्लामपूरला नवी नाहीत. यांच्यापैकी कुणालाही विचारा, भीती कशाची वाटते? पेपर अवघड जाण्याची जेवढी, तेवढीच पास होऊन कागदात अडकण्याची. यादीत नाव येतं आणि पुढं शेरा असतो, 'अपात्र'. नाहीतर त्याहून वाईट, 'न्यायालयीन निर्णयाच्या अधीन राहून'. या एका ओळीवर माणसाची चार-चार वर्षं जातात. स्थळं यायची थांबतात, घरात कुणी नीट बोलत नाही.

हे आजकालचंच दुखणं आहे असं वाटत असेल तर थोडं मागं जाऊ. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात भरतीची तयारी करणारं कुणी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

साल १८६९. ठिकाण लंडन. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा तेव्हा फक्त तिथंच व्हायची. समुद्र ओलांडायचा, जातीचा बहिष्कार पत्करायचा, परक्या देशात परक्या भाषेत इंग्रज पोरांशी स्पर्धा करायची. त्या वर्षी चार हिंदी तरुण पास झाले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता हे तिघे बंगालचे आणि चौथे आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. निकाल लागला, अभिनंदनं झाली आणि मग यादीतून दोन नावं गळाली, बॅनर्जी आणि ठाकूर. कारण काय, तर वय जास्त.

वयाची कमाल मर्यादा होती २१. सुरेंद्रनाथांनी मॅट्रिकच्या वेळी वय लिहिलं होतं १६. त्यावरून हिशोब केला तर ते एकवीसच्या पुढं जात होते. पण आपल्याकडं वय कसं सांगतात? आजही म्हाताऱ्या माणसाला विचारा, ते म्हणतील, 'पोराला सोळावं लागलं.' म्हणजे पंधरा पूर्ण झाली, सोळावं चालू आहे. इंग्रज सोळा म्हणतो तेव्हा सोळा पूर्ण झालेली असतात. फरक एका वर्षाचा. तेवढ्यावर नोकरी गेली.

सुरेंद्रनाथ गप्प बसले नाहीत. लंडनच्याच क्वीन्स बेंच कोर्टात गेले. जन्मतारखेचे पुरावे मायदेशातून मागवले. शेवटी सिव्हिल सर्व्हिस कमिशनला माघार घ्यावी लागली आणि बॅनर्जींबरोबर ठाकुरांचंही नाव परत यादीत आलं. सरकारी नोकरीच्या पात्रतेवरून हिंदी माणसानं कोर्टात जाऊन जिंकलेल्या अगदी सुरुवातीच्या लढाया मोजायच्या तर ही त्यात पहिल्या रांगेत येते. बुद्धीवर कुणाला शंका नव्हती. वाद होता तारखेचा, आणि ती कुणाच्या पद्धतीनं मोजायची याचा.

आता आपल्या शेजारी येऊ. कोल्हापूर. २६ जुलै १९०२. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. हा हुकूम आपण दरवर्षी भाषणात ऐकतो, पण पत्रकार म्हणून मला त्यातली लिहिण्याची शिस्त जास्त महत्त्वाची वाटते. 'मागासलेले' म्हणजे कोण, हे त्यातच सांगितलं होतं. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे. कधीपासून? हुकूम मिळाल्या तारखेपासून पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांना. आणि हिशोब कोण देणार? प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा.

कोण, कधीपासून आणि जबाबदार कोण. पात्रतेच्या कुठल्याही नियमात या तीन गोष्टी हव्यात. आजच्या जाहिराती पन्नास-साठ पानांच्या असतात आणि तरी यातली एखादी गोष्ट धुसर राहते. मग ती धुसर ओळ घेऊन वकील उभे राहतात.

स्वातंत्र्यानंतर कोर्टांनी हळूहळू काही गोष्टी पक्क्या केल्या. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे शेवटची तारीख. १९८२ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये कनिष्ठ अभियंत्यांची भरती निघाली. काही पोरांनी अर्ज केला तेव्हा त्यांचा पदवीचा निकाल लागलेला नव्हता. तो अर्जाची मुदत संपल्यावर, पण मुलाखतीच्या आधी लागला. ही पोरं पात्र की अपात्र? सुप्रीम कोर्टानं १९९३ मध्ये बहुमतानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. १९९७ मध्ये फेरविचार झाला आणि तिघा न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की ते बरोबर नव्हतं. पात्रता बघायची ती अर्जाच्या शेवटच्या तारखेला.

ऐकायला निष्ठुर वाटतं. पण कोर्टाचं कारण समजून घ्या. जाहिरातीत 'पदवीधर' लिहिलं होतं म्हणून ज्या प्रामाणिक पोरानं अर्जच भरला नाही, त्याचं काय? निकाल त्याचाही त्याच महिन्यात लागणार होता. एकाला सूट दिली की न दिसणाऱ्या शंभरांवर अन्याय होतो. ही दुसरी बाजू आपण बातम्या लिहिताना बहुतेक वेळा विसरतो, कारण जो कोर्टात गेला त्याचाच फोटो मिळतो.

आपल्या एमपीएससीचंही असंच एक प्रकरण. अन्न व औषध प्रशासनातल्या औषध निरीक्षक आणि सहायक आयुक्तांच्या भरतीत कुठला अनुभव 'आवश्यक' आणि कुठला 'प्राधान्याचा', यावरून वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मे २०१९ मध्ये कोर्टानं सांगितलं की पदाला काय पात्रता हवी हे नेमणूक करणाऱ्यानं ठरवायचं. जाहिरातीचा अर्थ लावण्याच्या नावाखाली कोर्ट ती नव्यानं लिहिणार नाही. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दुसरी बाजूही बांधून टाकली. भरती एकदा सुरू झाली की पात्रतेचे निकष मधेच बदलता येणार नाहीत, मूळ नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा असेल तरच. म्हणजे उमेदवारानं शेवटची तारीख पाळायची आणि सरकारनं स्वतः लिहिलेला शब्द.

आता आपल्या घराघरातला विषय. जातपडताळणी. इथं तर तारखांचंच राज्य आहे. महाराष्ट्रात दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांचं कुटुंबाचं वास्तव्य आणि पुरावे बघितले जातात. म्हणून तर नातवाच्या नोकरीसाठी आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला शोधावा लागतो. आणि आपल्या भागात अजून एक गंमत. वाळवा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये सांगली. त्यामुळं एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या कागदांवर तीन जिल्हे दिसतात. गाव तेच, घर तेच.

या पडताळणीचा इतिहास दोन्हीकडून दुखरा आहे. पडताळणी समित्यांची घडी १९९४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बसवली, तो खटला महाराष्ट्रातलाच, महादेव कोळी दाव्याचा. राज्याचा स्वतंत्र कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्याआधी, नोव्हेंबर २००० मध्ये, हलबा-कोष्टी प्रकरणात घटनापीठानं दावा फेटाळला, पण तोवर पक्के झालेले प्रवेश आणि नेमणुका अबाधित ठेवल्या. त्या एका ओळीचा आधार घेऊन पुढं कित्येकांनी नोकरी वाचवली. मग ६ जुलै २०१७ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की दावा अवैध ठरला तर नोकरीचा लाभ जाणार, कितीही वर्षं झालेली असोत. त्यावर राज्य सरकारनं २१ डिसेंबर २०१९ ला अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर घेण्याचा निर्णय काढला.

आता दोन घरं डोळ्यासमोर आणा. एका घरात वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, पोरांची शिक्षणं चालू, आणि हातात अकरा महिन्यांचा आदेश. दुसऱ्या घरात खरा आदिवासी तरुण, ज्याची जागा पंचवीस वर्षांपूर्वी गेली आणि तो आज मजुरी करतो. पहिल्या घराची बातमी झाली, दुसऱ्याची झाली नाही. आणि दोन्ही घरांच्या मध्ये उभी आहे ती वेळेवर न झालेली पडताळणी. नेमणुकीआधी सहा महिन्यांत निकाल लागला असता तर ही वेळ कुणावरच आली नसती.

आणि मराठा आरक्षणाच्या काळातली भरती तर आपण सगळ्यांनी बघितली. २०१९ च्या जाहिराती. ९ सप्टेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाची स्थगिती. ५ मे २०२१ ला कायदा रद्द. मग ३१ मे २०२१ ला सरकारनं सांगितलं, एसईबीसीतून अर्ज केलेल्यांना आर्थिक दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा लाभ घेता येईल. यावर ईडब्ल्यूएसमधले मूळ उमेदवार मॅटमध्ये गेले. त्यांचा प्रश्नही चुकीचा नव्हता, मधेच नवे स्पर्धक कसे घातले? २ फेब्रुवारी २०२३ ला मॅटनं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. २२ डिसेंबर २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो फिरवला. अभियांत्रिकी सेवेतले १११ उमेदवार या काळात पास होऊनही घरी बसले होते. कायदा सरकारनं केला, सवलतीचा निर्णय सरकारनं काढला, न्यायनिवाडा कोर्टांनी केला. वय मात्र पोरांचं वाढलं. दोन्ही बाजूंच्या पोरांचं.

ताजं उदाहरण गुरुजींचं. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं, महाराष्ट्रातूनही गेलेल्या प्रकरणांत, सांगितलं की सेवेत असलेल्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१०. त्याच्या आधी लागलेल्या शिक्षकानं त्या वेळची जाहिरात, त्या वेळची पात्रता पूर्ण केली होती. पोरांना चांगला शिक्षक मिळालाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण वीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला 'तू पात्र आहेस का' हे आज विचारायचं असेल, तर हा प्रश्न २०१० पासून पंधरा वर्षं लोंबकळत का ठेवला, हेही कुणीतरी विचारायला हवं.

दाद मागायची कुठं, हेही माहीत असू द्या. राज्य सरकारच्या नोकरीचा वाद आधी मॅटमध्ये जातो. १९९१ पासून हे न्यायाधिकरण आहे आणि त्याची पीठं मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला. म्हणजे आपल्याला मुंबई. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, ते मात्र पेठ नाक्यावरून तासाभरात गाठता येतं. इतकी वर्षं वकिलाची फी एकीकडं आणि मुंबईचा जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च दुसरीकडं, अशी स्थिती होती. कितीतरी पोरांनी हक्क असून भांडण सोडून दिलं ते याच खर्चापायी.

दीडशे वर्षांचा हा सगळा प्रवास बघितल्यावर मला एकच गोष्ट दिसते. पात्रतेचा वाद वरवर वयाचा, पदवीचा नाहीतर जातीचा असतो, पण बहुतेक वेळा तो तारखेचा असतो. आणि ती तारीख वेळेवर, स्पष्ट लिहिण्याची जबाबदारी ज्याची असते, त्याला उशिराची किंमत कधीच मोजावी लागत नाही. फाईल सहा महिने टेबलावर पडली म्हणून कुठल्या अधिकाऱ्याचं वय मर्यादेबाहेर जात नाही. सरकारलाही हे कळतं. म्हणून तर ३ मार्च २०२३ ला वयात दोन वर्षांची सूट द्यावी लागली. पण सूट म्हणजे उपकार नव्हे. आपल्याच उशिराची ती अर्धीमुर्धी भरपाई आहे.

म्हणून मागणी साधी आहे. कागदांची छाननी मुख्य परीक्षेच्या आधी व्हावी, अंतिम यादीनंतर नको. जाहिरातीतल्या शंकांना आयोगानं अर्जाची मुदत संपण्याआधी लेखी उत्तर द्यावं. आणि भरतीच्या दाव्यांना मॅटमध्ये व कोर्टात ठरावीक मुदत असावी. आपल्याकडं मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा. रस्ता आणि गटारीबरोबर हेही विचारा.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी. जाहिरात आली की अभ्यासक्रमाच्या आधी अर्जाची शेवटची तारीख बघा. पदवीच्या निकालाची तारीख, नॉन-क्रिमिलेअरची मुदत, दहावीच्या सनदेवरची जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग, सगळं त्या तारखेसमोर लावून तपासा. आजोबांचा, पणजोबांचा दाखला निवड होण्याची वाट न बघता आत्ताच काढून ठेवा. शाळांची जुनी रजिस्टरं वाळवी खातेय आणि मोडी वाचणारी माणसं थोडी उरलीत.

कुणाच्या घरात 'न्यायालयीन निर्णयाच्या अधीन' अशी फाईल पडून असेल तर कमेंटमध्ये फक्त भरतीचं साल आणि पद लिहा. नाव नको. किती वर्षं अडकलीत ते एकदा एका जागी मोजून बघू.