बायबलमधलं ‘ओफीर’ म्हणजे आपलं नालासोपारा? पुरावे काय सांगतात?

नालासोपारा म्हटलं की आठवते ती लोकलची गर्दी. पण बायबलमधल्या शलमोन राजाची जहाजं ज्या ‘ओफीर’हून सोनं आणायची, ते ओफीर म्हणजे हेच सोपारा, असाही एक दावा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनीही त्यावर चर्चा केली होती. या दाव्यात तथ्य किती?

बायबलमध्ये नेमकं काय लिहिलंय?

शलमोनाने तांबड्या समुद्राकाठच्या एस्योन-गेबेर इथे जहाजं बांधली. सोराचा राजा हिराम याने त्यावर आपले अनुभवी खलाशी दिले. ही जहाजं ओफीरहून ४२० किक्कार सोनं घेऊन आली. एक किक्कार साधारण ३४ किलोचा धरला, तर हे १४ टनांच्या आसपास जातं. ओफीर कुठल्या दिशेला आणि किती लांब, हे मात्र तिथे लिहिलेलं नाही.

सोपाऱ्याचं नाव का घेतलं जातं?

पहिलं कारण नावाचं. हिब्रू बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ओफीरचं नाव ‘सोफीर’सारखं, म्हणजे सुरुवातीला ‘स’ असलेलं येतं. सोपाऱ्याचं संस्कृत नाव शूर्पारक. शिवाय पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस यानेही ओफीर भारताच्या बाजूला असल्याचं लिहिलंय.

दुसरं कारण मालाचं. शलमोनाची जहाजं तीन वर्षांतून एकदा सोनं, चांदी, हस्तिदंत, माकडं आणि मोर आणायची, असं बायबलमध्ये आहे. मोरासाठीचा हिब्रू शब्द तमिळमधल्या ‘तोगै’ म्हणजे मोरपिसाऱ्याशी, तर माकडासाठीचा ‘कपि’शी जोडला जातो.

मग अडतं कुठे?

मूळ हिब्रू नावात हा ‘स’ नाहीच, तो भाषांतरात आला. माकडासाठी तसाच शब्द प्राचीन इजिप्तच्या भाषेतही आहे. मोर-माकडांचा उल्लेख ‘तार्शीश जहाजां’च्या संदर्भात येतो, तिथे ओफीरचं नाव नाही. आणि बायबलमधल्या वंशावळीत ओफीर हे नाव शबा आणि हवीला यांच्या मधोमध येतं. त्यामुळे बरेच अभ्यासक अरबस्तानाकडे बोट दाखवतात.

सगळ्यात मोठी अडचण काळाची. शलमोनाचा काळ इसवी सनापूर्वी दहावं शतक मानला जातो. सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये स्तूप उकरला. इथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, १९५६ मध्ये नवव्याचाही सापडला. हे लेख इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले, म्हणजे मधलं अंतर सुमारे ७०० वर्षांचं!

ओफीर ही निव्वळ कथा आहे का?

तसंही नाही. इस्रायलमधल्या तेल कसिले इथे १९४६ मध्ये एक खापर सापडलं. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या त्या खापरावर ‘ओफीरच्या सोन्या’ची नोंद आहे. म्हणजे त्या काळी हे नाव व्यवहारात होतं. त्यावरून जागा मात्र ठरत नाही.

राजापूरचा यात काय संबंध?

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात सोपारा येतं आणि त्याच्या दक्षिणेची बंदरंही येतात. त्यातलं मेलिझिगारा म्हणजे जयगड आणि बायझँशन म्हणजे विजयदुर्ग, असं काही अभ्यासक मानतात. राजापूरची खाडी या दोन्हींच्या मध्ये. इथेही मुख्य आधार नावांचं साम्य आणि बंदरांचा क्रम हाच आहे.

राजापूरच्या सड्यांवर मात्र गोष्ट उलटी आहे. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. इथे पुरावा डोळ्यांसमोर आहे, पण तो समजावून सांगणारा ग्रंथ नाही. बारसूच्या एका शिल्पात माणूस आणि त्याच्या दोन बाजूंना दोन प्राणी दिसतात. अशी रचना सिंधू संस्कृती आणि मेसोपोटेमियाच्या मुद्रांवरही आहे. पण चित्र सारखं दिसलं म्हणून संबंध सिद्ध होत नाही, जसं नाव सारखं वाटलं म्हणून गाव ठरत नाही.

चुकीचा अंदाज महागात पडतो का?

हो. आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वेचे दगडी अवशेष शलमोन आणि शबाच्या राणीशी जोडले गेले होते. १९०५ मध्ये पुरातत्त्वज्ञ डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनी ते स्थानिक आफ्रिकी लोकांनीच बांधल्याचं दाखवलं. तरीही गोऱ्या राजवटीच्या काळात परक्यांनी बांधल्याची कथा पुढे रेटली गेली आणि खऱ्या बांधणाऱ्यांचं श्रेय झाकलं गेलं.

त्यामुळे ‘सोपारा म्हणजेच ओफीर’ अशी पोस्ट पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा: नाव जुळतं का, काळ जुळतो का, आणि जमिनीत काही सापडलं का. सोपाऱ्याच्या बाबतीत नाव अर्धवट जुळतं, उरलेल्या दोन्ही गोष्टी जुळत नाहीत. आणि अशोकाचे लेख सापडलेल्या या बंदराला मोठं ठरायला शलमोनाच्या सोन्याची गरजही नाही.