उष्माघात-प्रतिबंध, सैनिकी
श्रम करणाऱ्या सैनिकाची कार्यक्षमता व जीवित उष्म्यापासून राखण्याच्या शास्त्रीय पद्धती. अमेरिकेतील पॅरिस आयलंड येथील मरीन दलाच्या केंद्रात नवसैनिक प्रशिक्षणकाळी उष्माविकारांना बळी पडत. त्यावर यॅग्लू व मिनार्ड यांनी १९५७ मध्ये निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात ओल्या फडक्यातील, काळ्या गोलातील व साध्या तापमापकाच्या नोंदींना अनुक्रमे ७०, २० व १० टक्के महत्त्व असते. तो मर्यादेपलीकडे जाताच श्रम कमी करतात. मात्र त्याने हवेचा ताण कळतो, व्यक्तीचा नव्हे. नेटिक येथील अमेरिकी सेनेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हृदयस्पंदनांवरून शरीराचे आंतरिक तापमान अनुमानण्याची रीत मांडली. त्यामुळे छातीवरील पट्ट्यातील संवेदकावरून पूर्वसूचना मिळू शकते. तथापि विश्रांतीची आज्ञा अधिकाऱ्यानेच द्यावी लागते.